महापौरपद स्वीकारावे का? खुर्चीचे अधिकार आणि अडीच वर्षांचा हिशोब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वहिनी जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत खान्देशातील एका महापालिकेवर नगरसेविका म्हणून पहिल्यांदाच निवडून आल्या. पुढेमागे महापौरपदाचे आरक्षण जुळले, तर पक्ष त्यांच्या नावाचा विचार करील, असे त्यांना सुचवण्यात आले आहे. घरचे औषधांचे दुकान त्याच सांभाळतात. महापौराला नेमके अधिकार कोणते, त्यात पोटापाण्याचे काय, पुढे राजकारणात त्याचा उपयोग होतो का आणि एकूण हे पद स्वीकारावे की नाही, असे आपण विचारले आहे. शहराचे नाव आपण दिले नाही, ते बरे केले. मी महापालिकेत नगरसचिव होतो, म्हणजे सभागृहात महापौरांच्या शेजारी बसून विषय वाचणे आणि इतिवृत्त लिहिणे हे माझे काम होते. त्यामुळे मी जे सांगतो आहे, ते त्या शेजारच्या खुर्चीवरून दिसलेले आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या प्रश्नातील खरी अडचण मला वेगळी दिसते. महापौर हा शहराचा कारभारी असतो, असे आपण गृहीत धरले आहे आणि पुढचे सगळे प्रश्न त्या गृहीतावर उभे आहेत. खान्देशात हा समज पसरण्याचे कारणही आहे. भुसावळ, नंदुरबार, चाळीसगाव, अमळनेर ही नगरपरिषदांची गावे आहेत. तेथे नगराध्यक्षाला मतदार थेट निवडतात, तोच स्थायी समितीचाही अध्यक्ष असतो आणि कारभारावर त्याची पकड राहते. व्यापाराच्या निमित्ताने आपली माणसे इंदूरला जातात. तेथेही महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो आणि त्याच्या हाताखाली विभाग वाटून घेतलेली महापौर परिषद असते. जळगाव आणि धुळ्यात, दोन्ही ठिकाणी २००३ साली महापालिका झाली तेव्हापासून, गोष्ट निराळी आहे. येथे नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. पूर्वी तर ही मुदत एकाच वर्षाची असे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. आयुक्त नेमते राज्य सरकार. कर्मचाऱ्याला काम सांगणे, देयक मंजूर करणे, अतिक्रमण काढणे, नोटीस बजावणे यांतील एकही गोष्ट महापौर स्वतःच्या सहीने करू शकत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी तातडीने पाऊल उचलण्याचा अधिकारही त्याच कलमाने आयुक्तांनाच दिला आहे. मुंबईत १९९८ च्या सुमारास महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता, पण तो लगेच गुंडाळला गेला आणि सत्ता पुन्हा आयुक्तांकडे गेली. आपल्या भागातील हजारो कुटुंबे सुरतेत स्थायिक आहेत. १९९४ च्या प्लेगनंतर ते शहर स्वच्छ करणारे म्हणून आयुक्त एस. आर. राव यांचे नाव ती आजही घेतात. त्या काळात तेथे महापौर कोण होते, हे सांगणारा मला खान्देशात भेटलेला नाही.

एवढे वाचून हे पद शोभेचे आहे, असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. महापौराचा अधिकार सभागृहात असतो आणि तो नीट वापरला तर पुष्कळ असतो. महासभा दरमहा भरली पाहिजे. तिची तारीख महापौर ठरवतो, विषयपत्रिका त्याच्या संमतीने निघते, कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाला किती बोलू द्यायचे, सभा केव्हा तहकूब करायची, हे त्याच्या हातात असते आणि मते समान पडली तर निर्णायक मत त्याचे असते. आयुक्तांना शहराची विकास योजना, करांचे दर, मालमत्तेची विल्हेवाट, कर्ज, अंदाजपत्रक अशा मोठ्या बाबतीत महासभेकडे यावेच लागते. त्या दाराशी महापौर बसलेला असतो. प्रशासनाचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यासोबतचा गोषवारा बहुतेक नगरसेवक वाचत नाहीत. जो महापौर तो आदल्या रात्री वाचून येतो, त्याच्यापुढे अधिकारी वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी अनेकांच्या कारकिर्दीत पाहिले आहे. त्यांतील काही जण फार शिकलेले नव्हते, पण आकडा आणि तारीख ते बोटाने दाखवून विचारत.

या संदर्भात दोन गोष्टींबद्दल मला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण नव्या महापौरांची पत त्यांतच जाते. पहिली म्हणजे ऐनवेळचे विषय. विषयपत्रिका सात दिवस आधी सर्वांना पोहोचते. पण सभा संपत येते, निम्मे सदस्य उठलेले असतात, आणि तेव्हा एखादा विषय ‘ऐनवेळी’ म्हणून पुढे सरकवला जातो. एखादा भूखंड, एखादी मुदतवाढ, एखाद्या ठेक्याची दरवाढ. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात, दोन-चार आवाज ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि विषय संपतो. दुसरी गोष्ट इतिवृत्ताची. सभेत झाले काय आणि ठराव लिहिला गेला काय, यांत फरक पडू शकतो. गोंधळात मंजूर झालेल्या विषयाचा ठराव नंतर तयार होतो, त्यात सभेत कोणी उच्चारली नव्हती अशी उपसूचना शिरते आणि महापौरांची सही झाली की ती सभागृहाची इच्छा ठरते. पुढे चौकशी लागली तर त्या कागदावर सही महापौराची असते. ज्याने उपसूचना शिरवली, त्याचे नाव कुठेच सापडत नाही.

म्हणून मी प्रत्येक नव्या महापौरांना पहिल्याच भेटीत सांगत असे की, ठरावाचा मसुदा सभेनंतर लवकरात लवकर मागवा, तो सभेच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा आणि रिकाम्या कागदावर किंवा ‘मजकूर नंतर टाकतो’ असे म्हणणाऱ्या कोणाच्याही भरवशावर सही करू नका. कोणी म्हणेल की हे कारकुनी काम झाले. मला मात्र महापौराचे काम म्हणून आधी हेच दिसते. वरचे संरक्षणही फार मोठे नाही. बेकायदा ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार कलम ४५१ प्रमाणे राज्य सरकारला आहे. पण ठराव सरकारकडे जाईपर्यंत आणि तेथून परत येईपर्यंत शहरात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

पैशाच्या बाबतीत महापौराचा हात आणखी आखडता असतो. ठराविक रकमेवरील ठेक्यांना मंजुरी देते ती सोळा सदस्यांची स्थायी समिती, आणि तिचा सभापती ही दुसरी व्यक्ती असते. अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते महासभेत येते. त्यामुळे जाणते नगरसेवक कित्येकदा महापौरपदापेक्षा सभापतिपदासाठी अधिक धडपडतात. महापौर आणि सभापती वेगळ्या गटांचे असतील, तर एका कामाच्या फाइलला दोन दारांतून जावे लागते. शिवाय महापालिकेचे स्वतःचे उत्पन्नही पूर्वीसारखे राहिलेले नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यापासून नुकसानभरपाईचे अनुदान मुंबईहून येण्याची वाट पाहावी लागते. हातात उरतो मालमत्ता कर. त्याचे पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात, आणि त्या वेळी सभागृहात वाढीला हात वर करणारा माणूस शोधून सापडत नाही. मग रस्ता, गटार, जलवाहिनी यांसाठी पालकमंत्री, जिल्हा नियोजन समिती आणि मंत्रालय यांच्याकडे खेटे घालणे आले. ज्या महापौराचे पालकमंत्र्यांशी बोलणे आहे, त्याचे शहर दोन पावले पुढे जाते. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण आहे हे असे आहे.

मतदार आणि कायदा यांच्यामध्ये महापौर कसा सापडतो, याचे खान्देशातील ठळक उदाहरण म्हणजे जळगावच्या गाळेधारकांचे. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील बहुतेक गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. महापालिकेची मालमत्ता बाजारभावाखाली देता येत नाही, असे कलम ७९ सांगते. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की पिढ्यान्पिढ्यांचा धंदा आहे आणि मागितलेली थकबाकी परवडणारी नाही. प्रशासन गाळे रिकामे करण्यासाठी कलम ८१ ब च्या नोटिसा काढते, व्यापारी महापौरांच्या दालनात येतात, आणि महापौराला नोटीस थांबवताही येत नाही व ‘थांबवता येत नाही’ असे सांगताही येत नाही. हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्या काळात महापौर येत-जात राहिले. अशा प्रश्नात महापौराने काय करावे, हे शहराच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. माझा स्वतःचा कल असा की, जे आपल्या अधिकारात नाही त्याचे आश्वासन दालनात देऊ नये, पण विषय महासभेत रीतसर चर्चेला घ्यावा, दोन्ही बाजू इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात आणि सरकारकडे धोरण मागणारा स्पष्ट ठराव पाठवावा. व्यापारी त्या दिवशी नाराज होतील, पण त्यांची फसवणूक झालेली नसेल.

आयुक्तांशी संबंध कसे ठेवावेत, हे आपण विचारलेले नाही, पण निम्मी कारकीर्द त्यावर ठरते. सभागृहाने एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव केल्यास आयुक्तांना सरकारने परत बोलवावे, अशी तरतूद कलम ३६ मध्ये आहे, आणि तिचा धाक दाखवण्याचा मोह नव्या पदाधिकाऱ्यांना होतो. नवी मुंबईत २०१६ मध्ये तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमताने झाला, तरी ते पुढचे काही महिने तेथेच काम करत होते. आयुक्तांची बदली करण्यात घालवलेले सहा महिने महापौराच्या तीस महिन्यांतून वजा होतात, आणि नवे आयुक्त आले की तीच फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली जाते. आठवड्यातून एकदा ठराविक वेळी आयुक्तांबरोबर बसून पाच-सात कामांची स्थिती विचारणारा महापौर मी पाहिला आहे, आणि रोज माध्यमांपुढे आयुक्तांवर बोलणाराही. पहिल्याची कामे झाली.

आता रोजच्या जगण्याबद्दल. सकाळी सहाला फोन सुरू होतो आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तर प्रश्न एकच असतो, ‘ताई, नळले पानी कव्हय येई?’ वाघूर किंवा अक्कलपाडा धरणात पाणी असूनही ते गल्लीत आठवड्याने का येते, याचे उत्तर जलवाहिनी, टाक्या, वीज आणि झडपा सोडणारा कर्मचारी यांत असते. लोक मात्र ते महापौरांना विचारतात आणि तसे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. त्यानंतर उद्घाटने, शोकसभा, लग्ने, श्रावणातील कानबाईचा उत्सव, जळगावात कार्तिकी एकादशीचा रथोत्सव, पाहुण्या मंत्र्यांचे स्वागत. समारंभ हा या पदाचा मोठा भाग आहे. त्याला मी कमी लेखत नाही, कारण माणसे तेथेच आपले गाऱ्हाणे सहज बोलतात. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या होत्या. त्या पूर्वी परिचारिकाच होत्या. रुग्णालय चालवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, तरी कर्मचाऱ्यांच्या मनावर त्या भेटीचा परिणाम झाला असणार. पदाची ही बाजू आदेशाने चालत नाही.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ती आपल्या बंधूंना वाचून दाखवली तरी चालेल. महापौर महिला असतील तर त्यांच्या दालनात यजमान, दीर किंवा भाचा बाजूच्या खुर्चीवर बसून फाइली चाळतो, अधिकाऱ्यांना फोन लावतो, हे आपल्याकडे सर्रास होते. अधिकारी तोंडावर ‘भाऊ’, ‘दादा’ म्हणतात आणि पाठ वळली की निर्णय त्या भाऊ-दादांकडूनच करून घेतात, कारण सही करणारी व्यक्ती आणि समजून घेणारी व्यक्ती वेगळी झाली की कोणालाच पूर्ण जाब विचारता येत नाही. सभागृहात मात्र खुर्चीवर एकट्या वहिनी असतील. विरोधी गटनेत्याने कायद्याचा मुद्दा काढला, तर कोपऱ्यातून खुणा करून चालत नाही. त्यांना स्वतः वाचायची, विचारायची आणि चारचौघांत नकार द्यायची इच्छा असेल, तर अनुभव नसल्याने अडणार नाही. ती इच्छा घरातील दुसऱ्याच कोणाची असेल, तर हे पद घेऊ नये, असे माझे मत आहे.

पद मिळणे आणि टिकणे हेही पूर्णपणे आपल्या हातात नसते. आधी मंत्रालयात आरक्षणाची सोडत निघते. मग पक्षात इच्छुकांची समजूत काढली जाते आणि बऱ्याच ठिकाणी ‘सव्वा वर्ष तुम्ही, सव्वा वर्ष ते’ अशी तोंडी वाटणी होते, जिला कायद्यात जागा नाही. तशी अट वहिनींपुढे ठेवली गेली, तर राजीनाम्याची तारीख मनात धरूनच कामे हाती घ्यावीत. संख्याबळावरही फार विसंबू नये. जळगावात २०१८ मध्ये एका पक्षाचे ७५ पैकी ५७ नगरसेवक निवडून आले होते, आणि मार्च २०२१ मध्ये महापौराच्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या उमेदवाराचा ४५ विरुद्ध ३० मतांनी पराभव झाला. अशा फुटीनंतर पक्षादेश मोडल्याबद्दल अपात्रतेची प्रकरणे नाशिकला विभागीय आयुक्तांकडे चालतात आणि नव्या माणसांची वर्षे तारखांत जातात.

पुढच्या कारकिर्दीबद्दल. महापौरपदावरून मोठे झालेल्यांची नावे सर्वांना पाठ असतात. मनोहर जोशी १९७६ मध्ये मुंबईचे महापौर होते, १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरला नगरसेवक, १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. पुण्याचे मुरलीधर मोहोळ आधी स्थायी समितीचे अध्यक्ष, मग २०१९ मध्ये महापौर आणि २०२४ मध्ये खासदार व केंद्रात राज्यमंत्री. यांतील पहिल्या दोघांना महापौरपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचायला १९ आणि १७ वर्षे लागली, याकडे मात्र कोणी पाहत नाही. मधल्या काळात त्यांनी विधिमंडळातील काम, मतदारसंघ आणि पक्षसंघटना सांभाळली. ज्यांनी ते केले नाही, असे माजी महापौर प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांची छायाचित्रे सभागृहाच्या भिंतीवर आहेत. आपल्याकडच्या आकाराच्या शहरात महापौराला पुढची पायरी म्हणजे विधानसभा, आणि ती जागा बहुधा पक्षातील कोणीतरी आधीच धरून बसलेले असते. म्हणून प्रभागाकडे दुर्लक्ष करून शहरभर फिरणारा महापौर पुढच्या निवडणुकीत स्वतःच्याच प्रभागात अडचणीत येतो. जळगाव आणि धुळ्यात २०२३ मध्ये मुदती संपल्यावर प्रशासक आले आणि निवडणुकाच दोन वर्षांहून अधिक काळ झाल्या नाहीत. त्या काळात पूर्वीचे पदाधिकारी नुसते ‘माजी’ होते, हेही हिशोबात धरावे.

पोटापाण्याचे उत्तर सोपे आहे. २०१७ मध्ये ‘ड’ वर्ग महापालिकेतील नगरसेवकाचे मानधन महिना १०,००० रुपये ठरले होते. महापौराला वाहन, दालन आणि कर्मचारी मिळतात, पण त्यावर संसार चालत नाही, उलट चहापाण्यापासून वर्गण्यांपर्यंत खर्च वाढतो. म्हणून दुकान बंद करू नये, असे मी सुचवीन. मात्र त्याच दुकानातून महापालिकेच्या दवाखान्याला औषधे पुरवली जात असतील, मग ती दुसऱ्या भागीदाराच्या नावावर का असेनात, तर तो व्यवहार आजच तपासून घ्यावा. महापालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य कलम १० खाली अपात्र ठरतो, आणि त्यासाठी महापौर होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. त्याच कलमात अनधिकृत बांधकामाचीही तरतूद आहे आणि तिच्यात पती किंवा पत्नीने केलेले बांधकामही येते. दुकानापुढचा पत्रा, गच्चीवरची वाढीव खोली, मागच्या बाजूची भिंत यांची परवानगी कागदावर आहे ना, ते पाहावे. वहिनी राखीव जागेवरून निवडून आल्या असतील, तर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल झाले की नाही, याची पोच हाती ठेवावी. महापौराच्या विरोधकांना सभागृहात मुद्दा सापडला नाही, की ते आधी ही तीन कागदपत्रे मागवतात.

आरक्षणाचा निर्णय व्हायचा असेल तेव्हा होईल. तोपर्यंत वहिनींनी नगरसचिव कार्यालयातून मागील कार्यकाळाच्या शेवटच्या दोन वर्षांची महासभेची इतिवृत्ते मागवावीत आणि रोज थोडी वाचावीत. नगरसेवक म्हणून ती पाहण्याचा त्यांना हक्क आहे, आणि मागणारे इतके कमी असतात की कर्मचारी आनंदाने काढून देतात. कोणता विषय किती वेळा तहकूब झाला, कोणाच्या नावाने उपसूचना येतात, कोणत्या ठरावाची अंमलबजावणी झालीच नाही, हे त्यांत लिहिलेले असते. ते वाचताना त्यांना कंटाळा आला की उत्सुकता वाटली, ते मला कळवावे. पद स्वीकारावे की नाही, या आपल्या प्रश्नावर मग मला अधिक नेमके बोलता येईल.